बाईच्या हाताखालची गाडी

आमच्या लॅबमध्ये नुसतं तोंड बघून कुणाची शुगर सांगता येत नाही. सुई टोचावी लागते, रक्त काढावं लागतं, मशीनला लावावं लागतं, शंका आली तर पुन्हा लावावं लागतं. पण बाई गाडी चालवते म्हटलं की माणसं नुसतं तिचं तोंड बघून टर्बो गेल्याचं सांगतात. हे माझ्याच बाबतीत झालंय, आणि आठवलं की अजून डोकं तापतं.

मी शिवकन्या. सेनगाव तालुक्यातलं साखरा हे माझं सासर. हिंगोलीच्या एका लॅबसाठी मी गावोगाव फिरून रक्ताचे नमुने गोळा करते. सकाळी सहाला निघायचं, सात गावं करायची, बर्फाच्या डब्यात नळ्या रचायच्या आणि दहाच्या आत हिंगोली गाठायची. उशीर झाला की नमुना वाया, आणि मग त्याच म्हातारीला दुसऱ्यांदा टोचायला जायचं. नवरा विजयकुमार चाकणला कंपनीत आहे, दोन महिन्यांतून एकदा घरी येतो. ही फेरी दोन वर्षं मी एकटीनं सांभाळली ती आमच्या राखाडी गाडीच्या जिवावर. तीन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन, पण टर्बोवालं. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. तो असला की लहान इंजिन मोठ्याचं काम करतं. गाडी सासऱ्यांच्या नावावर आहे. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं महाभारत त्यावरूनच झालं.

दसरा झाला आणि गाडीला दुखणं लागलं. सुरू करून जागेवर उभी केली की हिवताप आल्यासारखी थरथरायची. स्टिअरिंग हातात नाचायचं, डब्यातल्या नळ्या एकमेकींवर वाजायच्या. आणि पळताना जीव नाही. गावाबाहेरचा जो चढ ती चौथ्या गिअरमध्ये हसत चढायची, तिथं दुसरा टाकावा लागायचा, तरी मागून सोयाबीनचा ट्रॅक्टर हॉर्न मारायचा.

कनेरगाव नाक्यावर भागवतचं गॅरेज आहे. माणूस वाईट नाही, पण आधी पार्ट बदलतो आणि मग विचार करतो. पहिल्यांदा त्यानं प्लग बदलले. दुसऱ्यांदा कॉइल बदलली. तिसऱ्यांदा गाडीला स्कॅनर लावला, त्यातून निघालेल्या कागदाकडे एक नजर टाकली, कागद माझ्याच सीटवर फेकला आणि हात पुसत म्हणाला, "वहिनी, टर्बो गेला."

"कशावरून?"

"कशावरून म्हंजे? ताकद न्हाई तर टर्बोच असतो. खरं सांगू का, टर्बोची गाडी बाईमानसाच्या हाताखाली टिकतच न्हाई. तुमी बायका क्लचवर पाय ठेवून ऱ्हाता, गरम गाडी फटकन बंद करता. गाडीला कळते कोन चालवून राहिलं ते."

मी म्हटलं, "गाडीला कळतं, अन् तुमाला कळंना व्हय?" पण तो हसला, आणि त्याच्या टपरीवर चहा पिणारी चार माणसंही हसली. त्यातल्या कुणी तरी मी घरी पोचायच्या आत तिथं बातमी पोचवली.

घरी सासरे, किशनराव, ओट्यावर बसले होते. मी गाडी लावली, तर त्यांनी हात पुढं केला. किल्ली मागत होते. मी दिली. त्यांनी ती बंडीच्या खिशात टाकली.

"किसनसिंगला फोन केला," ते म्हणाले. "रविवारी येतो. गाडी घेऊन जाईल."

किसनसिंग जुन्या गाड्यांचा व्यापारी. बिघडलेली गाडीही घेतो, म्हणून सगळे आधी त्यालाच बोलावतात.

"मामा, काहून विकता? दुरुस्त होईल की."

"काय दुरुस्त होईल? टर्बो घालवला तू. भागवत खोटं बोलतो का? गाडी बापयाच्या हातातली चीज हाय. मी आधीच म्हनत होतो." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "घरी बस आता. तकलीफ कशाला घेतेस?"

मला तकलीफ नव्हती हो! तकलीफ आता सुरू झाली होती. लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी दुपारीच फोनवर सांगितलं होतं, सोमवारपासून गाडी नसेल तर फेरी दुसऱ्याला द्यावी लागेल. त्यांचंही चुकीचं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं ती सात गावं आली, पहाटे ओट्यावर बाही वर करून बसलेल्या बाया आल्या, आणि मी मात्र सोमवारपासून चुलीपुढं. का? तर भागवतनं कागद वाचला नाही म्हणून.

नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "आबा म्हणतात तर राहू दे ना, पुढं बघू." मी फोन ठेवला. काही माणसांचं सगळं आयुष्य पुढं बघण्यात जातं.

मग ओट्यावर परत गेले. "मामा, किसनसिंग रविवारी येनार ना? आज शुक्रवार हाय. तवर किल्ली मला पाहिजे."

"काय करशील? नाडी बघशील गाडीची?"

"व्हय. बघते."

सासूबाई, लक्ष्मीबाई, दारातून ऐकत होत्या. त्या एरवी मध्ये बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, "द्या की. दोन दिवसानं काय गाडी पळून चालली?" सासऱ्यांनी किल्ली खुंटीला अडकवली. माझ्या हातात दिली नाही, खुंटीला अडकवली. हा फरक मी लक्षात ठेवला.

शनिवारी फेरीला सुट्टी टाकली आणि सकाळीच लॅबचा एक कोरा फॉर्म घेतला. रुग्णाचं नाव : राखाडी गाडी. वय : सहा. तक्रार : उभी असताना थरथर, चढाला दम लागणे. किती दिवसांपासून : दसऱ्यानंतर. असं लिहिलं की डोकं थंड होतं, ही माझी सवय आहे. मग भागवतनं फेकलेला कागद उलगडला. त्यावर इंग्रजीत काही तरी छापलं होतं. मोबाइलवर शोधलं तर अर्थ निघाला : इंजिनात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त होतेय.

हवा जास्त! टर्बो गेला असता तर हवा कमी पडली असती. एवढी साधी गोष्ट. आमच्याकडं असा रिपोर्ट आला आणि मी उलटं निदान लिहिलं, तर डॉक्टरीणबाई मला त्याच सुईनं टोचतील.

पण एक कोडं राहिलं. उभी असताना हवा जास्त, मग पळताना ताकद कमी का? दोन तक्रारी आहेत म्हणून दोन रोग शोधायचे नाहीत, हे मला कामानं शिकवलंय. थकवा, चक्कर आणि धाप घेऊन बाई येते, तीन रोग नसतात, एकच असतो : रक्त कमी. मी बॉनेट उघडून, मोबाइलमधलं चित्र शेजारी धरून इंजिनाकडे बराच वेळ बघत राहिले, आणि मग टाळक्यात उजेड पडला. गाडी उभी असते तेव्हा इंजिन हवा आत ओढतं. जोरात पळते तेव्हा टर्बो तीच हवा दाबून भरतो. नळीला कुठं भोक असेल, तर उभी असताना त्यातून फुकटची हवा आत शिरणार आणि पळताना भरलेली हवा त्यातूनच बाहेर फुसकणार. एक भोक, दोन दुखणी. टर्बो बिचारा राबत होता, त्याचं केलेलं कुठं तरी सांडत होतं.

आता भोक शोधायचं. लॅबमधली स्पिरिटची फवाऱ्याची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन साध्या पाण्यानं भरली. ओढणाऱ्या भोकावर पाणी पडलं की क्षणभर ते बुजणार, आणि तेवढ्यापुरती थरथर थांबणार. पण थांबली हे सांगणार कोण? माझ्या मनाला तर ती थांबलेली हवीच होती. आपल्याला हवं ते दिसतं, म्हणून लॅबमध्ये दुसऱ्याचे डोळे लागतात. मी सासूबाईंना हाक मारली.

"आत्या, या. इथं बसा."

"कुठं? ड्रायवरच्या जागी? अगं बाई, मी न्हाई."

"काही करायचं न्हाई. नुसतं बसायचं." मी त्यांच्यापुढं, काचेखालच्या सपाट जागेवर स्टीलचा पेला काठोकाठ भरून ठेवला. "पाणी हलायचं थांबलं की ओरडा."

गाडी आमच्या उंचवट्यावर गावाकडे तोंड करून उभी होती. आत्या पदर खोचून बसल्या, स्टिअरिंगला हात न लावता. बॉनेट उघडायच्या आधी त्यांनी समोर बघितलं आणि म्हणाल्या, "इथून रस्ता लई लांबवर दिसते गं." तीस वर्षं त्या मागच्या सीटवर नाही तर बैलगाडीत मागं बसल्या होत्या.

मी बॉनेट वर केलं. आता मी कुठं पाणी मारते ते त्यांना दिसत नव्हतं. इंजिन चालू, पेल्यात लाटा. हवेच्या फिल्टरजवळ मारलं, काही नाही. टर्बोच्या जाड नळीवर मारलं, काही नाही. कॉइलला ओल लागू नये म्हणून तिकडं बेतानं. एकेक नळी, एकेक जोड. अर्धा तास गेला. पाठ भरून आली. सासरे ओट्यावरून बघत होते आणि मुद्दाम खोकत होते. इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथं डोळा पोचत नाही तिथं एक बोटभर जाडीची रबरी नळी इंजिनाला हवा वाटणाऱ्या डब्याला लागते. तिच्या जोडावर फवारा मारला.

"थांबलं!" आत्या ओरडल्या. "शिवकन्ये, थांबलं! अरे, पुन्हा हललं."

दुसरीकडं मारलं. आत्या गप्प. पुन्हा त्या नळीवर मारलं. "थांबलं!" पुन्हा दुसरीकडं, पुन्हा तिथं. तीनदा मारलं, तीनदा त्या ओरडल्या, आणि एकदाही चुकीच्या वेळी नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

इंजिन बंद केलं, थंड होऊ दिलं आणि मागं हात घातला. बाकीच्या नळ्या टणक होत्या. ही दुधात बुडवलेल्या पोळीसारखी मऊ, फुगलेली, आणि जोड आवळायच्या पट्टीखाली खालच्या अंगानं चिरलेली. हात बाहेर काढला तर बोट पिवळं. वास घेतला. करडईचं तेल. डिझेल. आणि हळद.

मी तशीच उभी राहिले, कारण मला सगळं आठवलं.

सासऱ्यांनी बैलजोडी दोन वर्षांपूर्वी विकली. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहणाऱ्या बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळायचे, शेकायचे आणि त्यांना सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. गेल्या वर्षी बैल नव्हते, सासरे जेवले नाहीत. यंदा त्या संध्याकाळी मी बघितलं, तर ते बॉनेट उघडून वाटी घेऊन गाडीत वाकलेले. हळद, तेल आणि बैलगाडीच्या कण्याला वंगण करतात तसं त्यात थोडं डिझेल. जुवाच्या सापत्या, म्हणजे चामड्याचे पट्टे, तेलानं मऊ राहतात, तडकत नाहीत, तसंच रबराचंही असणार असं त्यांनी धरलं. "आता हीच ओढते," ते मला म्हणाले होते. "ओढनाऱ्याचे खांदे मळावं लागतेत." आणि बॉनेटवर हात ठेवून गाडीला आवतण दिलं होतं. मला ते इतकं गोड वाटलं होतं की मी फोटो काढून स्टेटसला ठेवला होता.

चामडं तेलानं टिकतं. हे रबर डिझेलनं फुगलं, सडलं, महिना-दीड महिन्यानं फाटलं.

आधी मला दया आली. नळी गुपचूप दुरुस्त करावी, म्हाताऱ्याची लाज राखावी, असं क्षणभर वाटलं. मग आठवलं, 'टर्बो घालवला तू.' आठवलं, 'बापयाच्या हातातली चीज.' नाक्यावरची चार माणसं आठवली. माझी लाज राखायला कोण आलं होतं? मी गुपचूप दुरुस्त केलं असतं तर सगळ्यांनी म्हटलं असतं, गाडी बाईनं बिघडवली होती, नशिबानं नीट झाली. नाही. रिपोर्टवर सही होईपर्यंत नमुना फेकायचा नसतो. मी नळीला हातही लावला नाही. बॉनेट बंद केलं.

रविवारी किसनसिंग आला, आणि गाडी तपासायला भागवतला घेऊन आला. शेजारची दोन-तीन माणसंही ओट्याशी जमली. मला तेच हवं होतं. मी गाडी सुरू केली. ती थरथरली. भागवतनं मान डोलावली, "सांगितलं होतं न्हाई का."

"भागवतभाऊ, इकडं या. हा पेला इंजिनाजवळच्या कडेवर ठेवा. पाणी बघा." मी फवारा मारला. थरथर थांबली. पेल्यातलं पाणी विहिरीतल्यासारखं स्थिर झालं. दोन श्वास, आणि पुन्हा लाटा. मी परत मारला. भागवतच्या तोंडावरचं हसू त्या पाण्याबरोबरच थांबलं, पण पुन्हा सुरू झालं नाही.

"नळी," तो हळू बोलला.

"नळी. टर्बो ठणठणीत हाय. तुमच्याच कागदावर लिहिलं होतं, हवा जास्त. वाचला का न्हाई?"

मी इंजिन बंद केलं. तो मागं हात घालून चाचपायला लागला. मग हात बाहेर काढून बोटाकडं बघत राहिला. "हे पिवळं काय?"

सगळ्यांनी बघितलं. मी वळले. सासरे काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते.

"मामा," मी म्हटलं, "ह्या गाडीचे खांदे कोणी मळले?"

मला माहीत आहे, सुनेनं असं चारचौघांत विचारायचं नसतं. चारचौघांत तिच्यावर आळ घ्यायचा, एवढंच चालतं. मी नजर खाली केली नाही.  दारातून आत्या म्हणाल्या, "सांगा की. पोरीचं नाव घेताना तर लई आवाज होता."

"मी," सासरे म्हणाले. "मी मळले. पोळ्याला."

कुणी हसलं नाही. मी लॅबच्या पेटीतलं ब्लेड काढलं, नळीचं फाटलेलं टोक बोटभर कापून टाकलं, उरलेली नळी ओढून जोडावर चढवली आणि पट्टी आवळली. नवी नळी येईपर्यंत चार दिवस निघतील एवढी ती लांब होती. गाडी सुरू केली. पेला त्याच कडेवर होता, त्यातलं पाणी हललं नाही. "बसा," मी किसनसिंगला म्हटलं, आणि त्याला घेऊन गावाबाहेरचा चढ चौथ्या गिअरमध्ये चढले. वर पोचल्यावर त्याला उतरू दिलं नाही, तशीच परत आणली.

उतरल्या उतरल्या तो म्हणाला, "किशनराव, गाडी तर एक नंबर आहे. मी आत्ता नेतो."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बिघडलेली गाडी विकायला काढली होती, आता चांगली गाडी विकली जाणार होती. सासरे गडबडले. "शब्द दिला होता मी त्याला," ते माझ्याकडं न बघता पुटपुटले.

"बिघडलेल्या गाडीचा दिला होता," मी म्हटलं. "ती गाडी आता इथं न्हाई. ही माझी हाय. कागदावर कोनाचं बी नाव असू द्या. उद्या सहाला मी निघनार. कोनाला आडवं यायचं असंल त्यानं यावं, ब्रेक चांगले हायेत."

आणि किल्ली मी माझ्या मुठीत धरली. किसनसिंगनं सासऱ्यांकडं बघितलं. सासरे कितीतरी वेळ त्या पिवळ्या, कापलेल्या नळीच्या तुकड्याकडं बघत होते. मग म्हणाले, "चहा घ्या किसनसिंग. गाडी विकायची न्हाई."

संध्याकाळी दिवेलागणीला मी उद्याच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत बसले होते. दिवसभर वाकून खांदे आखडले होते. आत्या वाटी घेऊन मागं येऊन बसल्या. "पुढं सरक. खांदे मोकळे कर."

वाटीत कोमट तेल होतं, हळद घातलेलं.

"हे काय आत्या? आज पोळा हाय का?"

"मला काय विचारती? त्यायनंच गरम करून दिलं. बोलले काहीच न्हाई. वाटी ठेवली अन् ओट्यावर जाऊन बसले."

त्यांचा हात खांद्यावर फिरला आणि आखडलेपणा सुटायला लागला. पण एवढ्यावर मी मिटवणार नव्हते. ओट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मामांना विचारा, डिझेल तर मिसळलं न्हाई ना?"

बाहेर काठी एकदा आपटली. मग खोकला. मग आवाज आला, "न्हाई मिसळलं." आणि जरा थांबून, "उद्या सहाला निघायचं म्हनली ना? मग लवकर झोप."